दोन पायांपुरता समुद्र

समुद्रकाठच्या शहरात समुद्र असतो, ही समजूत ज्या कोणा भाबड्या भूगोलकाराने शालेय पुस्तकांत प्रथम दाखल केली, त्याने जिनोआच्या हद्दीत कधी पाऊल ठेवले नसावे, असे माझे आता कायमचे मत झाले आहे. नकाशावर हे शहर इटलीच्या वायव्य किनाऱ्याला इतके बिलगून बसलेले दिसते की आगगाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर तो ओला होऊनच आत यावा. आणि प्रत्यक्षात, सकाळच्या गाडीने तेथे उतरलेल्या माझ्यासारख्या निरुपद्रवी इसमास, सोबत रत्नागिरीत जन्मलेली पत्नी असताही, त्या समुद्राच्या पाण्याला पाय लावण्यासाठी दिवस कलेपर्यंत जी दरमजल करावी लागली, तिची कैफियत सादर केल्यावाचून माझ्याने राहवत नाही.

या प्रकरणाचा उगम मिलानला झाला. आमची कन्या आणि जावई नोकरीनिमित्त तेथे राहतात. आणि सेवानिवृत्त आईबापांनी परदेशस्थ मुलांच्या घरी जाऊन त्यांच्या स्वयंपाकघरातील डब्यांची फेरमांडणी करावी, हा जो शिरस्ता अलीकडे पडला आहे, त्यास अनुसरून आमचाही मुक्काम तेथे पडला होता. मिलानमध्ये पाहण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु समुद्र नाही, आणि ज्या गावाला समुद्र नाही त्या गावाविषयी आमच्या सौभाग्यवती आपले मत प्रथमपासूनच राखून ठेवतात. तेथील जगद्विख्यात संगमरवरी कॅथीड्रलसमोर उभे राहून त्या एवढेच म्हणाल्या होत्या, "बांधकाम चांगलं आहे, पण वारा नाही."

अखेर कन्येनेच तोड काढली. "बाबा, जिनोआ इथून दीड-दोन तासांवर आहे. सकाळी जा, रात्री जेवायला परत या. आईला समुद्र दाखवून आणा."

"नुसता दाखवून नको," सौभाग्यवतींनी मसुद्यात दुरुस्ती सुचवली. "पायाला पाणी लागल्याशिवाय समुद्र पाहिला असं होत नाही."

मी देशावरचा माणूस. समुद्र ही दुरून पाहण्याची, आणि फार तर तिच्या अथांगतेविषयी एखादा उद्गार काढून चहाकडे वळण्याची वस्तू आहे, अशी माझी धारणा. तरीही मी तत्काळ रुकार दिला, कारण माझ्या मनात एक वेगळाच हेतू दडलेला होता. इटलीच्या स्वातंत्र्याचा उद्गाता जोसेफ मॅझिनी हा 1805 साली याच जिनोआत जन्मला. सावरकरांनी त्याचे आत्मचरित्र मराठीत आणले, ते 1907 साली छापले गेले आणि सरकारने ते जप्त केले, हे सर्वश्रुत आहे. त्या पुस्तकाची एक प्रत आमच्या आजोबांनी धान्याच्या कणगीत लपवली होती, असे वडील आम्हांला अभिमानाने सांगत. आणि त्या काळी कणगीत लपवण्याइतके धान्य कोठे होते, असे आजी लगेच आतून सांगे. काही असो, त्या मॅझिनीच्या दाराशी उभे राहावे, अशी माझी जुनी मनीषा होती.

इटलीतील आगगाडीच्या साध्या कागदी तिकिटाची एक रीत आहे, आणि हयातभर जिल्हा कोषागारात शिक्के मारून सेवानिवृत्त झालेल्या मनुष्याच्या हृदयाला ती जाऊन भिडते. तिकीट विकत घेतल्याने प्रवासाचा हक्क पोहोचत नाही. ते फलाटावरील एका यंत्राच्या तोंडात सरकवून त्यावर दिनांक व वेळ यांची मोहोर उमटवून घ्यावी लागते. तसे न केल्यास पूर्ण पैसे भरलेला उतारूदेखील दंडास पात्र ठरतो.

"पैसे दिले ना? मग आता हे काय?" सौभाग्यवतींनी विचारले.

"शिक्का."

"कसला?"

"आपण खरोखरच निघालो आहोत, याचा."

गाडी पो नदीच्या सपाट खोऱ्यातून, भाताच्या शेतांमधून बराच वेळ धावते, आणि मग एकाएकी अ‍ॅपेनाइन पर्वत आडवा येऊन बोगद्यांची मालिका सुरू होते. प्रत्येक बोगदा संपत आला की सौभाग्यवती पदर सावरून खिडकीशी सरसावून बसत, आणि प्रत्येक वेळी उजेडात एक डोंगर, त्याच्या अंगावर चिकटवलेली पाचमजली घरे आणि पुढच्या बोगद्याचे तोंड एवढाच ऐवज हाती लागे. पियात्सा प्रिन्चिपे हे स्थानकही डोंगराच्या कुशीतच आहे. बाहेर येताच समोर कोलंबसाचा भव्य पुतळा आहे. हा खलाशी जिनोआचा. तेव्हा समुद्राची दिशा याच्या नजरेवरून तरी ठरवावी, असे मी सुचवले.

"याला विचारता? हा आपल्याकडे यायला निघाला होता ना?"

"होय."

"आणि पोचला कुठे?"

या प्रश्नास समर्पक उत्तर नसल्यामुळे मी एका वृद्ध सद्गृहस्थाला गाठले. इटालियन भाषेतील 'मारे' हा एकच शब्द मी मुखोद्गत केला होता. तो उच्चारून, सोबत उजव्या हाताने लाटा आणि डाव्या हाताने क्षितिज असा अभिनय मी केला. गृहस्थ अतिशय सौजन्यशील निघाले. त्यांच्या मुद्रेवर प्रकाश पडला, त्यांनी माझ्या दंडाला धरून आम्हांला बाल्बी रस्त्यावरून थोडे चालवत नेले आणि भिंतीतल्या एका दारापाशी उभे करून, आकाशाकडे बोट दाखवून निरोप घेतला. ते दार लिफ्टचे होते.

येथे वाचकांस सांगितले पाहिजे की जिनोआ शहर हे डोंगर आणि बंदर यांच्या चिंचोळ्या बेचक्यात वसले असल्याने, वर चढण्याचे काम तेथील नगरपालिकेने नागरिकांच्या गुडघ्यांवर न सोडता लिफ्ट आणि केबलने ओढले जाणारे डबे यांच्याकडे सोपवले आहे. बसप्रमाणेच लिफ्ट हेही तेथे सार्वजनिक वाहन. हे सर्व मी मार्गदर्शिकेत वाचले होते. परंतु आम्ही जिच्यात शिरलो ती लिफ्ट दार मिटताच वर जाण्याऐवजी डोंगराच्या पोटात आडवी निघाली, याची पूर्वसूचना मला कोणी दिलेली नव्हती.

"अहो, ही आडवी चालली आहे."

"असेल. इकडची पद्धत असेल."

"लिफ्ट आडवी जाण्याची पद्धत?"

साहेबासमोर अफरातफर उघडकीस आल्यावर मी चेहरा जसा ठेवी, तसाच तो ठेवून मी गप्प राहिलो. दोनशेहून अधिक मीटर अशी रुळांवरून आडवी गेल्यावर ती थबकली, काही विचार केल्यासारखी घुटमळली, आणि मग जणू आपल्या जातीधर्माचे स्मरण होऊन सरळ उभी वर निघाली. सौभाग्यवतींनी डोळे मिटून गणपतीचे नाव घेतले. आमच्या शेजारी उभी असलेली शाळकरी मुलगी मात्र सफरचंद खात होती. वर कॅप्टन दाल्बेर्तिस नामक एका दर्यावर्दीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला किल्लेवजा वाडा आहे. गृहस्थ साऱ्या पृथ्वीवर हिंडला, आणि राहायला मात्र त्याने टेकडीचा माथा निवडला. त्या वाड्याच्या आवारातून खाली पाहिले तेव्हा त्याच्या दूरदृष्टीची प्रचीती आली. शहराची काळपट छपरे, यारींची रांग, आगबोटी, 1543 सालापासून उभा असलेला 'लान्तेर्ना' हा उंच दीपस्तंभ, आणि या सर्वांच्या पलीकडे, ज्याला निळसर म्हणता येईल असा एक पट्टा.

"तो पाहा समुद्र," मी विजयी स्वरात म्हणालो.

"दिसला," सौभाग्यवती म्हणाल्या. "आता त्याच्याकडे जायचं कसं ते सांगा."

डोंगर उतरून बंदराकडे जाण्यासाठी जुन्या शहरातून जावे लागते, आणि जिनोआचे जुने शहर म्हणजे गल्ल्यांचे असे एक भेंडोळे आहे की त्यात सूर्यालाही दुपारी काही मिनिटेच प्रवेशाची मुभा असावी. काही गल्ल्यांत दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंती लागतात. मॅझिनीचे जन्मघर याच भागात, लोमेल्लिनी रस्त्यावर आहे. त्याच्या दाराशी मी पायांतल्या वहाणा काढाव्यात की काय, अशा भारावलेल्या अवस्थेत उभा राहिलो, ज्या मनुष्याला त्याच्या देशातल्या राजसत्तेने देहान्ताची शिक्षा फर्मावली, ज्याने आयुष्याची कित्येक वर्षे परमुलखात काढली, त्याचे हे घर, असे काहीसे बोलण्यास मी तोंड उघडले, तोच "पुतळा-बितळा आहे का? नाही ना? मग चला," असा निकाल मिळाला. आत आता संग्रहालय आहे. ते पाहण्याचा माझा अर्ज 'वेळेअभावी दप्तरी दाखल' या शेऱ्यासह परत आला.

खरा वेळ गेला तो पुढे, आणि तो समुद्रापायी नव्हे तर पोटापायी गेला. कन्येने एका खानावळीचे नाव, रस्ता आणि 48 हा क्रमांक चिठ्ठीवर लिहून दिला होता. आम्ही त्या गल्लीत शिरलो. पहिल्या दारावर 20 हा आकडा, पुढच्यावर 61, त्याच्या पुढे 63, मग अकस्मात 22, आणि त्याला लागून 65. मला प्रथम वाटले, आकडे लावणाऱ्या कंत्राटदाराने रक्कम घेऊन पोबारा केला असावा. चिकाटीने चालत राहिल्यावर 48 सापडला. तो एका भव्य लाकडी दारावर, काळ्या रंगात होता. आत अन्नाचा वास नव्हता. तरी घंटा वाजवली. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडून एका आजीबाईंनी आमच्याकडे निरखून पाहिले, आणि माझ्या हातातली चिठ्ठी पाहताच, हा प्रसंग त्यांच्यावर नित्य येत असल्याच्या थाटात त्यांनी एक प्रदीर्घ भाषण केले. त्यातील 'रोस्सो' हा शब्द त्यांनी इतक्यांदा उच्चारला की सौभाग्यवती म्हणाल्या, "त्यांच्या यजमानांचं नाव असेल."

उलगडा झाला तो समोरच्या न्हाव्याकडून, ज्याने गिऱ्हाइकाचा अर्धा गाल साबणात ठेवून बाहेर येऊन आम्हांला समजावले. जिनोआत प्रत्येक रस्त्यावर क्रमांकांच्या दोन स्वतंत्र वह्या आहेत. राहत्या घरांचे आकडे काळे, दुकानांचे तांबडे, आणि दोहोंचा परस्परांशी सुतराम संबंध नाही. एकाच गल्लीत एक काळा 48 आणि एक तांबडा 48 सुखाने नांदतात, आणि त्यांच्यामध्ये कितीही दारांचे अंतर पडू शकते. त्या क्षणी या शहराविषयी माझ्या मनात जे प्रेम उत्पन्न झाले ते शब्दांत सांगणे कठीण आहे. व्यापारी खाते निराळे, खाजगी खाते निराळे! माझ्या कारकिर्दीत कित्येकांना ही साधी गोष्ट मला पटवून देता आली नव्हती, आणि येथे ती दारोदार रंगवून ठेवली होती. मी सौभाग्यवतींना या पद्धतीचे लाभ सांगू लागलो.

"लाभ जेवल्यावर सांगा," त्या म्हणाल्या.

तांबड्या 48मध्ये 'फारिनाता' मिळते. हरभऱ्याचे पीठ पाण्यात कालवायचे, त्यात मीठ आणि सढळ हाताने ऑलिव्हचे तेल घालून मोठ्या तांब्याच्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजायचे, हा तिचा विधी. सौभाग्यवतींनी पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. "अहो, हे बेसनाचं धिरडं आहे. मिरची घालायची राहिली आहे." एवढ्या प्रवासानंतर आणि एवढ्या युरोंनंतर आपण धिरड्यापाशी पोहोचलो, हा विचार मीही गिळला. शेजारच्या इंग्रजी जाणणाऱ्या तरुणाने आम्हांला या पदार्थाची दंतकथा सांगितली. 1284 साली मेलोरियाच्या आरमारी लढाईत जिनोआने पिसाचा पराभव केला. परतताना वादळात जहाजावरची पिठाची पोती आणि तेलाचे बुधले फुटून त्यांत समुद्राचे पाणी शिरले, आणि ते मिश्रण उन्हात वाळवून भुकेल्या खलाशांनी खाल्ले. मी हे मराठीत सांगताच सौभाग्यवती उद्गारल्या, "बघा, पिठालासुद्धा समुद्र मिळाला."

जेवणानंतर सान लोरेन्झोच्या कॅथीड्रलमध्ये आम्ही शिरलो ते मुख्यत्वे सावली आणि बाके यांच्या आशेने. तेथे ब्रिटिश आरमाराने 1941च्या फेब्रुवारीत शहरावर केलेल्या माऱ्यातला तोफेचा गोळा ठेवला आहे. तो छप्पर-भिंत फोडून थेट देवळात आला आणि फुटलाच नाही. तेथेच 'साक्रो कातीनो' नावाचे एक हिरवे, षट्कोनी पात्र आहे. धर्मयुद्धातली लूट म्हणून आणलेले हे पात्र अखंड पाचूचे आहे, अशी जिनोआची शतकानुशतके श्रद्धा होती. पुढे नेपोलियनने ते पॅरिसला नेले, तेथून ते भग्नावस्थेत परत आले, आणि ते काचेचे असल्याचे जगजाहीर झाले. आमच्या घराण्यातल्या मोत्याच्या नथीची हकीकत याहून फारशी भिन्न नाही. परंतु ती नथ सौभाग्यवतींच्या माहेरची असल्याने मी तेथे मौन पाळले.

अखेरीस बंदर आले. जुने शहर आणि पाणी यांच्यामध्ये प्रथम एक उन्नत मोटाररस्ता आडवा आहे. तो 1965 सालापासून शहराच्या डोळ्यांवर पट्टी बांधल्यागत उभा आहे. त्याच्या खालून गेले की धक्का. तेथे कोलंबसाच्या सफरीच्या पाचशेव्या वर्षी, म्हणजे 1992 साली उघडलेले एक विशाल मत्स्यालय आहे, आणि त्याच्या दाराशी शेकडो माणसे समुद्राकडे पाठ करून, काचेमागचा समुद्र पाहण्यासाठी तिकिटे काढून रांगेत उभी होती. धक्क्याच्या कडेला मी वाकून पाहिले. पाणी होते, परंतु पुरुषभर खाली, हिरवट, आणि तेलाचे इंद्रधनुष्य मिरवणारे.

"हे घे. समुद्र," मी म्हणालो.

"ही गोदी आहे," सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या. "भाऊच्या धक्क्याला कोणी समुद्र म्हणतं का?"

या मानहानीनंतर कॉफीची निकड भासली. इटलीत कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यायल्यास एक दर आणि खुर्चीवर बसून प्यायल्यास त्याहून पुष्कळच चढा दर, असा प्रघात बहुतेक ठिकाणी आहे. जिनोआचे लोक काटकसरीविषयी साऱ्या इटलीत प्रसिद्ध आहेत, हे ऐकून असल्याने, आणि मी स्वतः पुण्याचा असल्याने, येथे आपण शोभून दिसावे या हेतूने मी उभ्याने घेण्याचे ठरवले; सौभाग्यवतींचे गुडघे मात्र कोकणातले, म्हणजे उदार असल्याने त्या बसल्या. मग संभाषणासाठी मी माझा पेला घेऊन त्यांच्या मेजाशी उभा राहिलो. हा प्रकार उभ्या दरात बसवावा की बसत्या दरात, यावर मालक व त्याचा पोऱ्या यांच्यात बराच खल झाला, आणि अखेर मला बसलेला समजण्यात आले. पैसे भरल्यावर मी बसण्याचा अंमल करू पाहिला, तेव्हा सौभाग्यवती उठल्या होत्या.

त्याच मालकाने बसचा क्रमांक सांगितला. 'कोर्सो इतालिया' हा समुद्राच्या कडेने जाणारा प्रशस्त रस्ता शहराच्या पूर्वेला आहे, आणि तेथे उतरताच खारा वारा तोंडावर आला, तशी सौभाग्यवतींची चाल बदलली. समुद्र हाकेच्या अंतरावर, निर्विवाद निळा, लाटांसकट हजर होता. परंतु रस्ता आणि तो यांच्यामध्ये रंगीत छत्र्या व निजण्याच्या खुर्च्या यांची सैन्यरचना उभी होती, तिच्याभोवती कुंपण होते, कुंपणाला फाटक होते, आणि फाटकात एक तरुण दरपत्रक घेऊन बसला होता. इटलीत किनाऱ्याचे बरेच तुकडे असे व्यावसायिकांना मक्त्याने दिलेले असतात.

"किती माणसं?" त्याने सराईत इंग्रजीत विचारले.

"दोन. पण आम्हांला पोहायचं नाही."

"खुर्च्या किती? छत्री?"

"खुर्ची नको. छत्री आमची आहे," असे म्हणून मी पुण्याहून आणलेली काळी छत्री दाखवली.

"मग काय हवं?"

"पाय बुडवायचे आहेत."

"किती वेळ?"

"दोन मिनिटं. आणि माझे नाहीत. फक्त हिचे."

त्याने दरपत्रक खालपासून वरपर्यंत वाचले. पूर्ण दिवस होता, अर्धा दिवस होता, पहिली रांग व मागची रांग होती, मुलांना सवलत होती. परंतु एका व्यक्तीचे दोन पाय, कालावधी दोन मिनिटे, असे सदर त्यात नव्हते. त्याच्या मुद्रेवर जी व्याकुळता दाटली ती पाहून मला गहिवर आला. लेखाशीर्षच नसेल तर त्या गरिबाने रक्कम जमा तरी कोठे दाखवावी? उद्या लेखातपासणीस आला तर? मी सौभाग्यवतींकडे वळलो आणि त्याची बाजू त्यांना नीट, मुद्देसूद समजावून सांगितली.

"तुम्ही कोणाच्या बाजूचे?" त्यांनी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता त्या चालू लागल्या.

त्या रस्त्याच्या टोकाला बोक्कादास्से नावाची कोळ्यांची जुनी वाडी आहे: पिवळी, गुलाबी, तांबूस घरे, त्यांच्या पायथ्याशी एक इवलीशी खाडी, ओढून ठेवलेल्या होड्या, आणि फाटक नाही, दरपत्रक नाही. वाळूही नाही. सारा किनारा गोट्यांचा, आणि त्या गोट्यांवर, जेथे पाठ टेकणे मनुष्यमात्रास अशक्य वाटावे तेथे, लहानथोर माणसे चेहऱ्यावर अपार समाधान ठेवून उताणी पडलेली. सौभाग्यवतींनी चपला माझ्या एका हातात दिल्या. दुसऱ्या हातात पर्स, बगलेत छत्री, आणि कन्येसाठी घेतलेल्या 'फोकाच्चा' पावाचे तेलकट पुडके छातीशी, अशा सरंजामासह मी पाठोपाठ निघालो. त्या गोट्यांवरून "आई गं, आई गं" करत गेल्या, आणि अखेर त्यांचे दोन्ही पाय भूमध्य समुद्रात उतरले. मी काही गंभीर उद्गार काढणार तोच एक लाट त्यांना वळसा घालून, नेमकी माझ्या पायमोज्यांपर्यंत आली.

"झालं ना मनासारखं? निघू या," मी म्हणालो. मिलानच्या गाडीची वेळ होत आली होती.

"थांबा हो. ओहोटी लागू दे. मागे सरलं पाणी की खाली वाळू असेल. शिंपले मिळतील."

भूमध्य समुद्राला आपल्याकडच्यासारखी भरती-ओहोटी नसते, पाणी जेमतेम वीतभर वरखाली होते, हे मी मार्गदर्शिकेत वाचले होते. परंतु रत्नागिरीच्या लेकीला समुद्राविषयी माहिती पुरवणे हे माझ्या अधिकारकक्षेबाहेरचे होते. मी भिजलेले मोजे पिळत एका होडीला टेकलो. सौभाग्यवती पाण्याकडे टक लावून उभ्या. पाणीही उभेच. बराच वेळ गेल्यावर त्यांनी शेजारच्या होडीला रंग देत बसलेल्या म्हाताऱ्याला गाठले, पाण्याकडे बोट दाखवले, आणि दोन्ही हातांनी ते मागे सारण्याची अशी खूण केली की साक्षात वरुणानेही आज्ञा मानली असती. म्हाताऱ्याने कुंचला खाली ठेवला, विचार केला, आणि अंगठा व तर्जनी यांच्यात थोडीशी जागा सोडून ती त्यांच्यासमोर धरली.

सौभाग्यवतींनी ती जागा वाकून पाहिली. मग पाण्याकडे पाहिले.

"एवढीच? मग लागूनसुद्धा गेली असेल," त्या म्हणाल्या. "द्या त्या चपला. गाडी चुकेल."